पॅम्प्लेटवर काय छापायचं?



स्लाऊमधल्या एका मित्राची नोकरी गेली, आता घरून डबे सुरू करतोय. पॅम्प्लेट तपासायला पाठवलं: "उत्तम दर्जा, अस्सल चव, वाजवी दर". अहो, हे तर सगळेच छापतात! स्वतःचं नावसुद्धा नाही. आणि नोकरीचा उल्लेख तर नकोच म्हणाला, नाशिकला आईबाबांना कळेल.

हाउन्स्लोचं श्रीकृष्ण वडापाव आठवा. २००९ च्या मंदीत सुजय सोहनींची हॉटेलातली नोकरी गेली. त्यांनी कॉलेजमित्र सुबोध जोशींना गाठलं आणि २०१० मध्ये एका आइस्क्रीम कॅफेच्या कोपऱ्यात दोघांनी वडे तळायला घेतले. सुरुवातीला तर लोकांना फुकट खायला घातले. नोकरी गेल्याचं लपवलं नाही. पेपरात तेच छापून आलं. मी तरी ते वाचूनच पहिल्यांदा तिथे गेलो. (दुसऱ्यांदा चटणीसाठी, ते सोडा.)

मित्राला म्हटलं, रडगाणं नको, दोन ओळी पुरेत. "बारा वर्षं कोड लिहिला. आता आईनं शिकवलेली मटकीची उसळ करतो. फोन मीच उचलतो, आवडली नाही तर सरळ सांगा."

त्याला पटलंय. फक्त छापायच्या आधी नाशिकला फोन कर म्हटलंय. अजून केलेला नाही.