'पासून' या शब्दाची किंमत

घट बसायच्या आधी घर धुऊन काढायचे, हा आमच्या सोलापूर जिल्ह्यातला जुना रिवाज. गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या, जे जे अंथरायचे-पांघरायचे ते सगळे घराबाहेर निघते आणि नदीवर नाहीतर कालव्यावर जाऊन पडते. माझ्या लहानपणी कुर्डुवाडीत या कामाला पैसा लागत नसे; लागायची ती आईची कंबर. आता आमच्या कंबरांत ते बळ उरले नाही आणि दिवाणखान्यात सतरंजीच्या जागी गालिचा आला. मुलीने हौसेने पाठवलेला, सहा बाय नऊ फुटांचा. त्यावर नातवंडांनी चहा-दुधाचे नकाशे काढून ठेवलेले.

गेल्या वर्षी पितृपक्षात वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुलाबी पत्रक पडले. 'गालिचा घरी येऊन धुऊन मिळेल. फक्त ४९९ रुपयांपासून.' त्यातला ४९९ हा आकडा बोराएवढा आणि 'पासून' हा शब्द मोहरीएवढा. मी चष्मा न लावताच फोन केला.

दोन तरुण पोरे मशीन घेऊन आली. नम्र होती, 'काका, काका' करीत होती. त्यांनी गालिचा पसरला, पाणी मारले, फेस केला. गालिचा पुरता भिजल्यावर त्यांतल्या एकाने खिशातून कागद काढला. ४९९ रुपये हे ३० चौरस फुटांपर्यंतचे. आमचा गालिचा ५४ चौरस फुटांचा, म्हणून वरच्या २४ फुटांचे २० रुपयांप्रमाणे ४८०. डाग तीन, प्रत्येकी १५० प्रमाणे ४५०. 'डीप क्लीनिंग'चा शाम्पू ३००. जंतुनाशक फवारा २००. येण्याजाण्याचे १५०. झाले २०७९. वर १८ टक्के जीएसटी. एकूण २४५३ रुपये.

"अरे, पत्रकात तर ४९९ होते!" मी म्हणालो.

"काका, 'पासून' लिहिलंय ना!"

त्याचे बोलणे खरे होते. एकही शब्द खोटा नव्हता. हवे तर इथेच थांबू, असेही तो म्हणाला. पण अर्धवट धुतलेला, फेसाने माखलेला ओला गालिचा घेऊन मी थांबणार कुठे? मी एवढेच विचारले, "जीएसटीचा नंबर कुठे आहे?" तो नव्हता. ज्याची नोंदणी नाही, त्याला तो कर ग्राहकाकडून घेताच येत नाही. पोराने मुकाट्याने ती ओळ खोडली आणि मी २०७९ रुपये मोजून दिले. जाताना तो हळूच म्हणाला, "काका, राग मानू नका. वरच्या कामावरच आम्हाला कमिशन मिळतं."

संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत, आणि घरातल्या गालिच्याला फसलात?"

मी हसण्यावारी नेले. पण रात्री झोप लागेना. कारण मला तो पोरगा आठवत नव्हता. आठवत होता १९९६ सालचा मी.

तेव्हा आमच्या शाखेत रंगीत टीव्हीसाठी कर्जाची एक योजना होती. व्याज '१२ टक्के फ्लॅट'. नॅरोगेजच्या वर्कशॉपमधले एक फिटर आले. १० हजारांचे कर्ज, ३ वर्षांची मुदत. व्याज ३६०० रुपये, महिन्याचा हप्ता ३७८. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि विचारले, "साहेब, मी दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार. मग तिसऱ्या वर्षीही व्याज पुऱ्या १० हजारांवरच कसं?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला ठाऊक होते. घटत्या शिलकीवर मोजले तर ते व्याज १२ नव्हे, २१ टक्क्यांच्याही थोडे वर जाते. मी एवढेच म्हणालो, "योजना तशीच आहे. १२ टक्के." तेही खोटे नव्हते. 'फ्लॅट' हा शब्द कागदावर छापलेला होता. मोहरीएवढा.

जुन्या काळी सारे सचोटीचे होते, असा सूर मला लावायचा नाही. 'मापात पाप' ही म्हण काही काल-परवा जन्मलेली नाही. पण दर सांगण्याच्या काही चांगल्या रीतीही आपण पाहिल्या आहेत. बार्शी लाईटच्या छोट्या गाडीच्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर भाडे छापलेले असे, चढण्याआधीच माहीत. आमच्या गल्लीत गाद्या पिंजायला एक चाचा येत. ते आधी कापूस आपल्यासमोर तोलत आणि एका दमात सांगत, "पिंजाई इतकी, शिलाई इतकी, दोरा माझा, खोळ तुमची, दुपारचा चहा तुमचा." धनुकलीला हात लागायच्या आधी हिशेब पुरा झालेला असे.

दर कमी-जास्त असणे ही लबाडी नव्हे. लोकरीच्या गालिच्याचा रंग जाऊ शकतो, त्याला कृत्रिम धाग्याच्या गालिच्यापेक्षा जपून हाताळावे लागते. मोठ्याला वेळ जास्त लागतो. या कामाचे पैसे जरूर घ्यावेत. प्रश्न किती घेतले हा नाही, केव्हा सांगितले हा आहे. गालिचा कोरडा असताना सांगितला तो दर. ओला झाल्यावर सांगितला तो पेच.

कायद्यालाही हे उशिरा का होईना उमगले आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर नियम आणले, आणि २०२३ मध्ये थेंबाथेंबाने दर वाढवत नेण्याच्या प्रकाराला अनुचित ठरवले. बँकांचेही तेच. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार नव्या किरकोळ कर्जदाराला एक तथ्यपत्रक द्यावे लागते. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे लिहावे लागते, आणि त्यात न दाखवलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. १९९६ साली असा एक कागद माझ्या टेबलावर असता, तर मला शब्दाआड लपायला जागा उरली नसती.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. पण दीड हजारासाठी सोलापूरचे हेलपाटे कोण घालणार? म्हणून वाचकहो, खरा उपाय दारातच आहे. कामगार पाणी मारायच्या आधी त्याला गालिचा दाखवा, डाग दाखवा, माप त्याच्यासमोर घ्या. मग विचारा, "सगळं मिळून हातात किती द्यायचे?" जो आकडा सांगेल तो कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्या. कर लावणार असेल तर नोंदणी क्रमांक आणि पक्के बिल मागा. आकडा पटला नाही तर कोरडा गालिचा गुंडाळून ठेवा, चहा पाजून त्याला निरोप द्या.

आणखी एक, हे माझ्यासकट सगळ्यांना. आपण फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो "कमीत कमी किती?" हा. ज्याने प्रामाणिकपणे १५०० सांगितले, त्याचा फोन आपण ठेवून देतो आणि ४९९ वाल्याला बोलावतो. ते मोहरीएवढे अक्षर थोडेसे आपणही छापून घेत असतो.

ते फिटर आता निवृत्त आहेत. मध्यंतरी बाजारात भेटले. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून मी त्यांना तो २१ चा आकडा सांगितला आणि तेव्हा सांगायला हवा होता, हेही सांगितले. ते हसले.

"मला तेव्हाच कळलं होतं, साहेब. पण पोरांनी तोवर टीव्हीसाठी कोपरा रिकामा करून ठेवला होता."