मोदी-ट्रम्प फोनवर नेमकं काय बोलले? सरकारी निवेदनावर किती विश्वास ठेवायचा?

दोन देशांच्या नेत्यांचा फोन झाला की छत्रपती संभाजीनगरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन स्क्रीनशॉट फिरू लागतात. एकात दिल्लीचं म्हणणं, दुसऱ्यात वॉशिंग्टनचं. दोन्ही अधिकृत, आणि दोन्ही एकमेकांशी न जुळणारे. मग खरं कुणाचं मानायचं?

नेमकं काय घडलं होतं?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की, भारत रशियाकडून तेल घेणार नाही असं आश्वासन पंतप्रधान नरेंद्र मोदींनी आपल्याला दिलं आहे. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते रणधीर जयस्वाल यांनी सांगितलं की, काल दोन्ही नेत्यांमध्ये कुठलंही संभाषण झाल्याची आपल्याला माहिती नाही.

यातला ‘काल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोदी आणि ट्रम्प ९ ऑक्टोबरला फोनवर बोलले होतेच. म्हणजे जयस्वाल यांनी एका ठरावीक दिवसाच्या फोनबद्दल उत्तर दिलं. आश्वासन कधीच दिलं नाही, असं त्या वाक्यात नव्हतं. सोशल मीडियावर मात्र ‘भारताने दावा फेटाळला’ एवढंच फिरलं.

पुढे दिवाळीत पुन्हा फोन झाला. ट्रम्प म्हणाले, व्यापारावर आणि रशियन तेलावर बोललो. मोदींच्या पोस्टमध्ये शुभेच्छांबद्दल आभार होते आणि दहशतवादाविरोधात एकत्र उभं राहण्याचा उल्लेख होता. तेलाचं नाव नव्हतं.

‘रीडआउट’ म्हणजे काय?

अशा फोननंतर सरकार जे छोटं निवेदन काढतं, त्याला ‘रीडआउट’ म्हणतात. ते संभाषणाचं रेकॉर्डिंग नसतं आणि शब्दशः नोंदही नसते. फोन सुरू असताना अधिकारी टिपणं घेतात, त्यावरून अंतर्गत नोंद तयार होते, आणि त्यातलं जे जाहीर करायचं तेवढंच निवेदनात येतं. आपल्यापर्यंत पोहोचते ती ही शेवटची, गाळून घेतलेली आवृत्ती.

या गाळणीत काय होऊ शकतं, हे २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झालं. त्या वर्षी २१ एप्रिलला ट्रम्प यांनी युक्रेनचे नवनिर्वाचित अध्यक्ष वोलोदिमीर झेलेन्स्की यांचं फोनवर अभिनंदन केलं. व्हाइट हाऊसच्या निवेदनात भ्रष्टाचार निपटून काढण्याचा विषय निघाल्याचं म्हटलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्या फोनची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात भ्रष्टाचाराचा उल्लेखच नव्हता.

त्याच दोघांच्या २५ जुलैच्या फोनवरून ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालला. त्या फोनची जी नोंद जाहीर झाली, तिच्यावरच लिहिलं होतं की हा शब्दशः उतारा नाही. फोन ऐकणारे अधिकारी अलेक्झांडर विंडमन यांनी काँग्रेससमोर साक्ष दिली की, आपण सुचवलेल्या काही दुरुस्त्या तिच्यात घेतल्या गेल्या नाहीत.

फोन झाला हे तरी पक्कं असतं का?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. मुंबईवरच्या २६/११ हल्ल्याच्या काळातलं उदाहरण आजही अंगावर काटा आणतं.

२८ नोव्हेंबर २००८ ची रात्र. ‘ताज’मध्ये कारवाई सुरू होती. तेव्हा पाकिस्तानचे अध्यक्ष आसिफ अली झरदारी यांना एक फोन जोडून दिला गेला. पलीकडची व्यक्ती स्वतःला भारताचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी म्हणवत होती आणि लष्करी कारवाईची धमकी देत होती. पाकिस्तानने हवाई दलाला सज्ज राहण्याचा आदेश दिला.

डिसेंबरमध्ये ‘डॉन’ने ही बातमी फोडली. मुखर्जी यांनी आपण असा फोन केलाच नसल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानच्या तेव्हाच्या माहितीमंत्री शेरी रहमान मात्र, फोन भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या पडताळलेल्या क्रमांकावरूनच आला, यावर ठाम राहिल्या. वर्षभराने ‘डॉन’नेच बातमी दिली की तो फोन पाकिस्तानच्या हैदराबाद तुरुंगातून दहशतवादी उमर सईद शेखने केला होता.

दोन अण्वस्त्रधारी देश, एक फोन, आणि त्याची खात्री फक्त एकाच बाजूला. अशा वेळी अधिकृत दावाही किती ठिसूळ असतो, ते इथे दिसतं.

इतिहासाचे अभ्यासक काय करतात?

संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात पालखेड आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी तिथे निजामाची कोंडी केली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. त्या काळी एकमेकांच्या दरबारांत वकील असत आणि ते आपापल्या धन्याला पत्रांनी खबर देत. प्रत्येकाची खबर आपल्या बाजूची. अभ्यासक म्हणून ती पत्रं फेकून देत नाहीत. ते मराठी पत्रं फारसी कागदांशी ताडून पाहतात. आजचं रीडआउट वाचायचीही हीच रीत आहे.

माहिती अधिकारात नोंद मिळेल का?

अवघड आहे. परदेशांशी संबंध बिघडतील अशी माहिती नाकारण्याची मुभा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(अ) मध्ये आहे. वीस वर्षं जुन्या घटनांची माहिती खुली करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण या कलमातली माहिती तेव्हाही रोखता येते.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

रीडआउट सरसकट खोटं नसतं. समोरच्या देशाकडेही टिपणं असतात, त्यामुळे धडधडीत खोटं पकडलं जाण्याची भीती असते. पण ते अपुरं असतं. म्हणून वाचताना तीन गोष्टी बघा.

पहिली, दोन्ही बाजूंची निवेदनं शेजारी ठेवा. जे दोन्हीकडे आहे ते बरंचसं पक्कं. जे एकाच बाजूला आहे तो तूर्त दावा.

दुसरी, नकार नेमका कशाला आहे? तारखेला, फोनला, की मजकुराला?

तिसरी, कोण कुठे बोललं? २२ एप्रिल ते १७ जून २०२५ या काळात मोदी-ट्रम्प यांच्यात एकही फोन झाला नाही, असं परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी २८ जुलैला लोकसभेत सांगितलं. सभागृहाची दिशाभूल केली तर हक्कभंगाचा प्रस्ताव येऊ शकतो. त्यामुळे अशा विधानाचं वजन पोस्टपेक्षा जास्त.

मराठवाड्याला याचं काय?

व्यापारावर फोन झाला की कापूस उत्पादकाच्या पोटात गोळा येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, नंतर ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हा निर्णय लागू झाला तो अधिसूचनेने. अधिसूचनेला क्रमांक असतो, तारीख असते, मुदत असते, आणि ती कुणालाही वाचता येते.

फोनवर काय ठरलं याचा निवेदनातून फक्त अंदाज येतो. खरोखर काय ठरलं ते अधिसूचनेत दिसतं. म्हणून पुढचा स्क्रीनशॉट आला की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: याची अधिसूचना निघाली आहे का?