गोवंडीच्या हद्दी कोण आखतं, आणि कोणत्या नियमानं?

घरासमोरची कचराकुंडी भरून वाहत असेल तर गोवंडीच्या बैंगनवाडीतला माणूस आणि जवळच्या चिता कॅम्पमधला माणूस, दोघंही एकाच ठिकाणी तक्रार करतात: महापालिकेचा एम पूर्व विभाग. खासदार मात्र वेगवेगळे. 2008 च्या पुनर्रचनेत मानखुर्द-शिवाजीनगर मतदारसंघ मुलुंडसोबत ईशान्य मुंबईत गेला, तर शेजारचा अणुशक्तीनगर माहीमसोबत दक्षिण मध्य मुंबईत.

हे बेकायदा आहे का? नाही. परिसीमन कायदा, 2002 नुसार मतदारसंघ शक्यतो सलग हवा, आणि प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय पाहायला हवी. आता या ‘शक्यतो’मध्ये बरंच काही मावतं.

नगरसेवकाच्या प्रभागाचे नियम जास्त नेमके आहेत. 2011 ची मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख, प्रभाग 227; म्हणजे एका प्रभागात सरासरी 55 हजार माणसं. त्यात 10 टक्के कमी-जास्त चालतं. आखणी उत्तरेकडून सुरू होते आणि दक्षिणेत संपते. जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही, रस्ते-नाले-रेल्वेमार्ग या हद्दी पाळायच्या, दलित-आदिवासी वस्त्यांचे शक्यतो तुकडे करायचे नाहीत.

इथे मोजतात ती माणसं, मतदार नव्हेत. मतदार यादीत नाव नसलेला कामगार आणि शाळेत जाणारी मुलंही या हिशेबात येतात. गोवंडीसारख्या वस्तीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण मोजणी कधीची? जानेवारी 2026 ची महापालिका निवडणूक 2011 च्या जनगणनेवर झाली. 15 वर्षांत कुठे टॉवर उभे राहिले, कुठे झोपड्या हटल्या, याचा त्या आकड्यात पत्ता नाही. मधल्या काळात आधीच्या सरकारनं प्रभाग 236 केले आणि ऑगस्ट 2022 मध्ये नव्या सरकारनं ते पुन्हा 227 वर आणले. जनगणना तीच, सरकार बदललं!

कोर्टात जाता येतं का? राज्यघटनेच्या कलम 329 आणि 243 झेडजी मुळे दार जवळपास बंद आहे. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं एवढंच म्हटलं की आखणी उघड मनमानी असेल तर ती तपासता येईल.

म्हणून खरी संधी मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवतात तेव्हाच. ऑगस्ट 2025 मध्ये ती मिळाली होती. पुढची जनगणना 2027 ची.