शेपूट सांभाळा!

न्यू जर्सीत छोटा कॅम्पर घेतला, तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न, ‘आपली गाडी ओढेल ना?’ मी म्हटलं, इंजिन दणकट आहे की! पण बॉस, गाडीचा टो हिच होता क्लास वन, म्हणजे जास्तीत जास्त २००० पौंड. कॅम्पर रिकामाच १७००. त्यात पाणी, गॅस, गाद्या आणि सासूबाईंचा कुकर! मोठा हिच लावला तरी गाडीची मर्यादा वाढत नाही. गाडी, हिच, बॉल, यांतला सगळ्यात लहान आकडाच खरा.

शिवाय कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. आम्ही सगळं मागे कोंबलेलं. हायवेवर कॅम्पर शेपटीसारखा डोलायला लागला. मागच्या सीटवर लेक झोपलेली. ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडला... पुढच्या एक्झिटला उतरून आधी पाण्याचे कॅन पुढे सरकवले. कुकर मात्र घरी ठेवायला बायको अजून तयार नाही.