सही केली म्हणजे हिशेब संपला?

माझे काका चहाचा कप डाव्या हातात धरतात. ते डावरे नाहीत. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळहाताकडे वळली आहेत आणि ती आता उघडत नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताणलेली, चकचकीत. उन्हाळ्यात त्या भागाला घाम येत नाही, पण खाज मात्र रात्रभर सुटते. लग्नाकार्यात लोक विचारतात, 'काय झालं हो हाताला?' काका म्हणतात, 'कामावर भाजलं.' विषय तिथेच संपतो.

मला तो विषय तिथे संपवायचा नाही, म्हणून हा लेख.

२०१८च्या मे महिन्यात, मी आठवीत जाणार होते तेव्हा, उद्यमबागेतल्या एका छोट्या फौंड्रीत हे घडलं. फौंड्री म्हणजे काय हे बेळगावच्या मुलांना सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फिया तिथल्या पगारातून भरल्या गेल्यात. भट्टीत लोखंड वितळवायचं, ते लॅडलमध्ये घ्यायचं आणि वाळूच्या साच्यात ओतायचं. साच्यात जास्त ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. त्या दिवशी तसंच झालं. हजार अंशांच्या वरचं लोखंड काकांच्या हातावर आणि छातीच्या एका बाजूवर उडालं. हातमोजे होते, पण फाटके.

मालक वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. स्वतःच्या गाडीतून त्याने काकांना दवाखान्यात नेलं. पहिल्या आठवड्याचं बिल भरलं. मग एक दिवस घरी येऊन २५ हजार रुपये दिले आणि एक कागद पुढे केला. कागद कन्नडमध्ये होता. काका मराठी सातवी पास. आमच्या घरात कोकणी, गल्लीत मराठी, चर्चमध्ये तिन्ही भाषा आणि कचेरीत कन्नड. 'पैसे मिळाले म्हणून सही करा,' एवढंच सांगण्यात आलं. उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. पुढे कळलं, की त्यात 'माझी कोणतीही तक्रार नाही आणि पुढे काहीही मागणार नाही' असं लिहिलं होतं.

आम्ही सगळ्यांनी धरून चाललो, की संपलं. काकू म्हणाली, 'एवढं तरी केलं त्यांनी. कोर्टात कशाला जायचं?' पप्पा म्हणाले, 'सही दिलीय ना, आता बोलायला तोंड नाही.' मला वाटतं, आपल्या समाजात दरवर्षी अनेक भाजलेल्या माणसांचा हिशेब असाच 'सही दिलीय ना' या तीन शब्दांवर मिटवला जातो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या कॉलेजच्या एनएसएस शिबिरात एक वकीलबाई कायद्याविषयी बोलायला आल्या होत्या. मी मागच्या रांगेत बसून मोबाइल बघत होते. त्यांचं एक वाक्य कानावर पडलं: भरपाईचा हक्क सोडून देणारा कामगाराचा करार कायद्याने रद्दबातल असतो. मोबाइल खाली ठेवला.

काकांच्या अपघाताच्या वेळी लागू असलेला कायदा १९२३चा. आज तो विषय २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, पण काकांचं प्रकरण जुन्या कायद्यानेच बघायचं. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये हे स्पष्ट आहे: भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार, मग तो कधीही केलेला असो, तेवढ्यापुरता शून्य. म्हणजे ज्या कागदाला आम्ही सहा वर्षं घाबरलो, त्यातल्या 'पुढे मागणार नाही' या ओळीला काडीची किंमत नव्हती.

आता आकडे बघू. कारण भरपाई म्हटलं की लोकांना वाटतं, न्यायाधीशाच्या मनाला येईल ती रक्कम. तसं नाही. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचं. चाळिसाव्या वर्षासाठी तो अंक १८४.१७ आहे. काका तेव्हा चाळीसचेच होते. पगार ११ हजार, पण त्या काळात हिशेबासाठी जास्तीत जास्त ८ हजारच धरले जात (२०२०च्या जानेवारीपासून ही मर्यादा १५ हजार झाली). ८ हजारांचे ६० टक्के ४,८००. गुणिले १८४.१७ म्हणजे ८,८४,०१६ रुपये. कमावण्याची ताकद निम्मीच गेली असं धरलं तरी ४,४२,००८ रुपये. शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा आणि उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज. या आकड्यांशेजारी ते २५ हजार ठेवून बघा.

इथे भाजण्याचा एक खास घोटाळा आहे. डॉक्टर भाजलेलं अंग टक्क्यांत मोजतात. बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. काकांच्या कागदावर 'आठ टक्के' असं लिहिलं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आठच ना! पण त्वचारोपण झाल्यावरही व्रण महिनोन्‌महिने आवळत जातो. तो आवळू नये म्हणून घट्ट दाबाचे कपडे दिवसाचे जवळजवळ २३ तास घालावे लागतात, रोज व्यायाम करावा लागतो, कधी व्रण सोडवायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हे सगळं पहिल्या बिलात नसतं. काकांकडे फिजिओथेरपीला जायला बसचे पैसे आणि सुट्टी दोन्ही नव्हतं. बोटं तिथेच वळली. जळलेलं अंग आठ टक्के, पण लॅडल उचलणारा हात पूर्ण गेला.

न्यायालयांना हा फरक कळतो, आपल्यालाच कळत नाही. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं: प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एक हात शिल्लक होता. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली असं मानलं. पुढे राज कुमार विरुद्ध अजय कुमार या रस्ते अपघाताच्या निकालातही न्यायालयाने समजावून सांगितलं, की डॉक्टरी दाखल्यावरची टक्केवारी म्हणजेच कमाईच्या नुकसानीची टक्केवारी असं समजू नका. त्या माणसाचं काम काय होतं आणि आता तो काय करू शकतो, ते बघा.

साहित्य शिकणाऱ्या मुलीने या आकडेमोडीत का पडावं, असं एका मैत्रिणीने विचारलं. ती म्हणाली, 'माणसाच्या वेदनेची किंमत पैशात कशी करणार? ते मला घाण वाटतं.' मलाही आधी तसंच वाटायचं. मग मी जमशेदपूरबद्दल वाचलं.

३ मार्च १९८९. टाटांच्या पोलाद कारखान्याचा संस्थापक दिन, जमशेटजींची दीडशेवी जयंती. मांडवाला आग लागली. ६० माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. शंभरावर जखमी झाले. दोन्ही मुलं आणि आईवडील गमावलेल्या एका आईच्या नावाने खटला चालला, लता वाधवा विरुद्ध बिहार राज्य. भरपाई ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलं निवृत्त सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांना, म्हणजे आपल्या पुण्याच्या मराठी माणसाला. प्रश्न असा आला, की घर सांभाळणाऱ्या बाईला पगार नसतो, मग तिच्या जाण्याने नुकसान किती झालं? चंद्रचूडांनी धरलेली रक्कम सर्वोच्च न्यायालयाला २००१ साली कमी वाटली. घरात ती जे सगळं करते त्याची किंमत महिन्याला किमान ३ हजार रुपये धरली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. आज ३ हजार म्हटलं की हसू येईल. पण 'ती काहीच करत नाही, घरीच असते' या वाक्याला देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयात एक आकडा आडवा आला. कधीकधी किंमत करणं हाच मान देण्याचा एक मार्ग असतो. किंमत केली नाही तर समोरचा माणूस ती शून्य धरतो. काकांची २५ हजार धरली, तशी.

त्या निकालाला बारा वर्षं लागली हेही खरं आहे. न्याय उशिरा मिळतो ही तक्रार मला मान्य आहे. पण ती न मागण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता आमच्या घरातल्या सर्वांत अवघड मुद्द्याकडे येते. आमच्या वाड्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी काकांना सांगितलं होतं, 'ख्रिस्ती माणसाने माफ करायचं असतं. कोर्टकचेरी आपल्याला शोभत नाही.' काकांनी खरंच माफ केलंय. मालक वाटेत भेटला तर ते अजून हसून बोलतात. पण माफ करणं आणि देणं बुडवू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला बायबल वाचूनच वाटतं. निर्गमाच्या २१व्या अध्यायात नियम आहे, की माराने कोणी अंथरुणाला खिळला तर मारणाऱ्याने त्याचा बुडालेला वेळ भरून द्यावा आणि त्याला पूर्ण बरं करवावं. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी, दोन्ही आलं त्यात. आणि जक्कय? त्याला तर येशूने जवळ केलं होतं, येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला होता. तरीही फसवलेल्याला चौपट परत देईन, असं तो स्वतःहून म्हणाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला हेच शिकवलं होतं, की पापाची कबुली दिली तरी घेतलेलं परत करावं लागतं. मग भाजलेल्या माणसालाच 'तू सोडून दे' असं आपण का सांगतो? देणाऱ्याला 'तू दे' असं कोणीच का सांगत नाही?

दुसरी बाजूही मांडते. छोट्या फौंड्रीचा मालक म्हणतो, 'आठ माणसांचं युनिट, नऊ लाख कुठून आणू? बंद करावं लागेल.' त्याची अडचण खोटी नाही. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे काकांची फौंड्री ईएसआयमध्येही बसत नव्हती. पण याच जबाबदारीसाठी कामगारांचा विमा मिळतो. मोटरसायकलला विमा उतरवतो तसा भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांचा उतरवायला काय हरकत आहे? आणि विम्याचा हप्ता वाचवला, तर तो शेवटी कोणीतरी भरतोच. आमच्याकडे तो काकूने भरला, लोकांच्या घरची धुणीभांडी करून.

मग आपण, म्हणजे या अंकाचे वाचक, काय करू शकतो?

पहिलं, माहिती ठेवा. अशा अर्जाची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. उशिराचं योग्य कारण दाखवता आलं तर आयुक्त अर्ज घेऊ शकतात. कामगार, स्त्रिया आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा. कोणाच्या घरी ॲसिडहल्ला झाला असेल, तर २०१३च्या लक्ष्मी प्रकरणापासून किमान ३ लाखांची भरपाई सरकारने द्यायची आहे आणि कुठलंही रुग्णालय, सरकारी असो वा खाजगी, प्रथमोपचार व उपचार नाकारू शकत नाही. घरगुती सिलिंडरचा स्फोट झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो. एजन्सीला लगेच लेखी कळवा. आणि प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक फोटो जपून ठेवा.

दुसरं, भाषा. २०१७च्या दुरुस्तीने मालकावर बंधन आलं, की कामावर घेतानाच कामगाराला त्याचे भरपाईचे हक्क लेखी सांगायचे, इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, त्याला समजेल अशा. काका त्याआधीपासूनच कामाला होते, त्यांना तो कागद मिळाला नाही. पण विचार करा, हिंदीत मिळाला असता तरी देवनागरी म्हणून त्यांनी अक्षर लावून वाचला असता. सीमाभागावर आपण भाषणं खूप करतो. आपल्या मंडळात मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही येणारी निदान वीस मुलं आहेत. महिन्यातून एक शनिवार आपण कागद वाचून दाखवायला बसलो तर? वकिली करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. फक्त 'यात काय लिहिलंय' ते माणसाला त्याच्या भाषेत सांगायचं. वाङ्मय मंडळाने करण्यासारखं याहून मोठं काम मला तरी सुचत नाही.

गेल्या वर्षी काकांचा अर्ज दाखल झाला. समोरच्या वकिलाने तो अंगठ्याचा कागद आणि उशीर, दोन्ही पुढे केलंय. तारखा पडताहेत. निकाल आमच्या बाजूने लागेलच असं नाही, आणि लागला तरी बोटं सरळ होणार नाहीत.

अर्ज टाइप होऊन आला तेव्हा मी तो काकांना मराठीत वाचून दाखवला. सात पानं. ते मधेच थांबवून विचारत होते, 'हे कुठे लिहिलंय? दाखव.' मी ओळीवर बोट ठेवत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने, दोन वर्षं वहीत गिरवून शिकलेली सही केली. अंगठा नाही लावला.

(बी. ए. तृतीय वर्ष)