दिवाळीपूर्वीचे थकलेले देयक

दुर्गापूजा असो, ओणम असो वा दिवाळी. सण जवळ आला की आमच्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांच्या बोनसची फाईल धावू लागते. त्याच कार्यालयाला श्रावणात नोंदवह्या पुरवणाऱ्या लहान छापखानदाराचे देयक मात्र लेखाशाखेत पडून असते. त्यालाही कामगारांना बोनस द्यायचा असतो, दिनदर्शिकांच्या हंगामासाठी कागद भरायचा असतो. अखेर तो सावकार गाठतो. उधारी सरकारची, व्याज त्याचे!

‘निधी आला नाही’ ही सबब कायद्याला मान्य नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. ‘स्वीकृती बाकी आहे’ ही पळवाटही बंद आहे. १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास माल स्वीकारला असेच धरले जाते.

मग पुरवठादार सुविधा परिषदेकडे दाद का मागत नाही? कारण पुढचे काम याच टेबलावरून मिळायचे असते. त्याच्या भीतीला आम्ही संमती समजतो. लेखापरीक्षणाची ढाल पुढे करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी विचारतो, तिप्पट व्याजाचा बोजा लेखापरीक्षणात बसतो काय?

माझे म्हणणे एवढेच, की बोनसच्या आदेशाबरोबर मुदत उलटलेल्या लहान देयकांची यादीही अधिकाऱ्यासमोर यावी, आणि पहिली स्वाक्षरी त्या यादीवर व्हावी.