नावे पडले, जमा झाले नाही

परीक्षाशुल्क भरण्याच्या अखेरच्या दिवशी विद्यार्थ्याच्या खात्यातून रक्कम वजा व्हावी आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्ज मात्र अपूर्णच दिसावा, हा प्रकार आता कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयाला नवा राहिलेला नाही. ‘सर्व्हर बंद होता’ एवढ्या उत्तरावर कारकुनाची सुटका होते. विद्यार्थ्याची होत नाही.

व्यवहार एकतर पुरता व्हावा, नाहीतर मुळीच झाला नाही असे ठरावे, हे तत्त्व संगणकशास्त्रात जुने आहे. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात त्याचे मार्मिक विवेचन केले आहे. एका यंत्रापुरते ते पाळणे सोपे. परंतु आज बँक, रक्कम वळती करणारी यंत्रणा आणि विद्यापीठ यांच्या नोंदी दूरदूरच्या, पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या संगणकांवर असतात. त्यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. तेथे सर्वांची आधी संमती घ्यावी व मगच नोंद पक्की करावी, अशी दोन टप्प्यांची रीत आहे. पण संमती विचारणाराच मध्ये गप्प झाला, तर बाकीचे सारे नोंदी अडवून खोळंबतात. म्हणून अनेक ठिकाणी ‘सागा’ पद्धतीचा आश्रय घेतला जातो. हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनी ती १९८७ साली मांडली. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पक्का करावयाचा आणि पुढचा फसलाच तर मागचा उलट नोंदीने फिरवावयाचा, असे तिचे स्वरूप आहे.

हिशेबनिसाला ही युक्ती परकी नाही. शाईचे लिखाण खोडावयाचे नाही, विरुद्ध नोंद करावयाची, हा त्याचा जुनाच धर्म. परंतु उलट नोंद होईपर्यंतचा काळ कोणी सोसावयाचा? यंत्रणेचा खोळंबा टळतो आणि त्याची किंमत ज्याचा पैसा अडकला तो भरतो. हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि तो अभियंत्यांवर सोपवून आपण मोकळे झालो आहो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला उत्तर दिले. यूपीआयने पाठविलेली रक्कम समोरच्याच्या खात्यात जमा न झाल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी; व्यापाऱ्याकडील व्यवहार फसल्यास पाच दिवसांत. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. नियम उत्तमच आहे. पण उलट नोंदीने रक्कम परत येते, टळलेली तारीख येत नाही.

तेव्हा विद्यापीठांनी व भरती मंडळांनी अर्ज आधी राखून ठेवावा, त्याला एकच क्रमांक द्यावा, म्हणजे घाबरून दोनदा कळ दाबणाऱ्याचे शुल्क दोनदा कापले जाणार नाही. आणि रक्कम मुदतीत वजा झाली असेल, तर अर्जही मुदतीत आला असे मानावे. याचा गैरफायदा घेतला जाईल ही भीती निराधार आहे. वजावटीची वेळ बँकेच्या नोंदीत असते. विलंबशुल्काची पावती फाडण्यापूर्वी कार्यालयाने ती तपासावी.